तात्या मोर्शीकरांची तांबडी सही

अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या चारही जिल्ह्यांतील सुज्ञ, अल्पज्ञ आणि मधल्यामध्ये लोंबकळणाऱ्या समस्त नागरिकांस याद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की आपल्या वऱ्हाडात आजवर खराखुरा नम्र माणूस एकच होऊन गेला. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्या ओट्यावर येऊन भांडावे, चहा मिळेल. या एकमेव नम्र माणसाचं नाव तात्या मोर्शीकर, धंदा चित्रकला, आणि स्वतःविषयीचं मत असं, की ब्रह्मदेवाने माणसं घडवली खरी, पण पुष्कळ ठिकाणी त्याचा हात घाईचा पडला आहे.

"नाकाच्या बाबतीत त्याले कोणीतरी समजावून सांगाले पायजे होतं," असं ते म्हणत, आणि समजावून सांगायला कोण योग्य होतं ते ऐकणाऱ्याला आपोआप कळे.

आता कोणी म्हणेल, हा कसला नम्र? मीही पुष्कळ दिवस तेच म्हणत होतो.

खोलापुरी गेटाच्या आत तात्यांच्या आणि आमच्या घरात एक भिंत सामाईक होती. मी नुकताच वकील झालो होतो. अंगावर काळा कोट होता, दारावर पाटी होती, फक्त पक्षकार नव्हते. त्यामुळे सकाळचा चहा आमच्या घरी आणि दुपारचा तात्यांच्या घरी, एवढाच माझ्या वकिलीचा व्याप होता. एका दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला, "वा मोर्शीकर, वा. काय हात आहे तुमचा." वाटलं, कोणी रसिक पाहुणा आला असावा. जाऊन पाहतो तर खोलीत तात्या एकटे. अर्धवट झालेल्या चित्रासमोर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे.

"कोण बोलत होतं, तात्या?"

"मीच. दुसऱ्या कोणाले समजते यातलं?"

तात्या बुटके होते, डोकं मात्र उंच माणसाचं होतं. वैशाखातल्या उन्हातही काळा अल्पाकाचा कोट घालत, कारण चित्रकार उघडा दिसला की लोक त्याला पाट्या रंगवायला सांगतात. कोटाच्या उजव्या खिशात टर्पेंटाइनची कुपी आणि चिंधी कायम असे, त्यामुळे तात्या वळणावर असले की वास आधी येई आणि मागून तात्या. ज्या घरात त्यांचं चित्र टांगलेलं असे तिथे गेले की यजमानांच्या आधी चित्राला नमस्कार करत, मागे सरून मान तिरकी करत आणि म्हणत, "काय काढलं आहे हो. कोणाचं काम?" यजमानाने "तुमचंच" म्हटल्याशिवाय पाटावर बसत नसत.

"मोर्शीनं जगाले दोन गोष्टी देल्या," त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "एक संत्रं. अन् संत्र्याले बी असते."

आणि ती सही. तात्यांची सही तांबडी असे, आणि चित्राच्या तळाशी या काठापासून जवळजवळ त्या काठापर्यंत जाई. ती ते उद्घाटनाच्या सकाळी करत, म्हणजे चित्र लोकांसमोर यावं तेव्हा ती ओली, चमकती असावी. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून म्हणत, "लोक लेकराले दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात. आमच्या इथं लेकरापेक्षा तीट मोठी." तात्या यावर रागावत नसत. बाईला चित्रकला कळत नाही पण प्रमाण कळतं, अशी तिची तारीफ करत.

विनयाशी मात्र त्यांचं उभं वैर होतं. त्याचं कारण अकोल्याचे अण्णासाहेब वकील. अण्णासाहेब सभेत उभे राहिले की पहिलं वाक्य, "मी आपल्या सर्वांच्या पायाची धूळ." दुसरं वाक्यही साधारण तेच. त्यांना स्वतःचं तैलचित्र काढून घ्यायचं होतं. तात्यांना बोलावून म्हणाले, "हे पाहा, मला थोरपणा नको. डामडौल नको. मी साधा मनुष्य. जसा आहे तसा काढा." असं सांगून ते काश्मिरी शाल पांघरून, हिऱ्याची आंगठी पुढे येईल असा हात ठेवून, मागे कायद्याच्या पुस्तकांचं कपाट उघडून बसले.

महिन्याभराने चित्रावरचं कापड निघालं. चटईवर एक गृहस्थ साध्या सदऱ्यात बसलेले. शाल नाही, आंगठी नाही, मागे नुसती भिंत.

"आंगठी कुठं आहे?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"कोणाची?"

"माझी."

"तुम्ही धूळ ना, अण्णासाहेब? धुळीले आंगठी कोणत्या बोटात घालू?"

अण्णासाहेबांनी ते चित्र माडीवरच्या खोलीत टांगलं. गंमत अशी, की पुढे त्यांची सारी माणसं म्हणू लागली, आमचे अण्णा खरे दिसतात ते त्या माडीवरच्या चित्रात. तात्यांनी हे ऐकलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मग. चांगला माणूस आहे तो. त्याले माहीत नाही."

मुंबईला रीतसर शिकून आलेला एक तरुण चित्रकार अमरावतीत उतरला, तेव्हा सगळं गाव तमाशा पाहायला टपून बसलं होतं. त्याने आपली चित्रं एका शाळेत मांडली. तात्या गेले. मीही गेलो, असला खटला मी सोडत नसे. तात्या एका चित्रासमोर थांबले. कापूस वेचून घरी निघालेल्या बायकांचं चित्र होतं. तात्या हलेनात. दुपारचं जेवण टळलं. शाळेचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवू लागला. शेवटी तात्या वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा पोरगा माझ्याहून भारी आहे."

कोणीतरी दबल्या आवाजात म्हणालं, "तात्या, तुम्ही असं म्हणता म्हणजे तुमचा मोठेपणा."

"आहेच. ह्या गावात दुसरं कोणी आहे काय, ज्याले कळलं तो माझ्याहून भारी आहे म्हणून?"

त्या मुलाला ते घरी जेवायला घेऊन आले आणि जेवताना त्याच्या चित्रातल्या एका बाईचा हात कसा चुकला आहे ते तासभर समजावत बसले.

असे हे तात्या. आता यांच्या आयुष्यातला मोठा प्रसंग सांगतो.

अकोटला आबासाहेब म्हणून एक जिनिंगवाले होते. जुनं देशमुख घराणं, काळी कसदार जमीन, आवाज असा की कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांवरून ऐकू जावा. अकोल्यात वाचनालय हवं म्हणून त्यांनी जागा दिली, इमारत बांधून दिली आणि ती पुरी होण्याआधीच वारले. वाचनालयाच्या मंडळाने ठरवलं, की दिवाणखान्यात आबासाहेबांचं तैलचित्र लागलं पाहिजे. मंडळाचे अध्यक्ष अर्थात अण्णासाहेब. एकच अडचण होती. आबासाहेबांनी जन्मात कधी फोटो काढू दिला नव्हता. "केवढी ही निरहंकारी वृत्ती," असं अण्णासाहेब प्रत्येक सभेत म्हणत आणि डोळे मिटत.

न पाहिलेल्या, मेलेल्या माणसाचं चित्र. ते काढण्याची छाती एकाच माणसाची होती. झालं गेलं विसरून अण्णासाहेबांनी तात्यांना निरोप धाडला. तात्या अकोटला गेले, बरोबर मी. आबासाहेबांचे चिरंजीव भाऊसाहेब यांना तात्या म्हणाले, "तुमच्या वडिलांना मी पाह्यलं नाही, हे त्यायचं नुकसान झालं. आता भरून काढतो."

त्यांची रीत अशी. मेलेल्या माणसाचा चेहरा त्याच्या गोतावळ्यात सांडलेला असतो. तो वेचून गोळा करायचा. बैठकीत गाद्या घातल्या, घराण्यातले सारे पुरुष जमले आणि लिलाव सुरू झाला. भाऊसाहेब म्हणाले, नाक थेट माझं. चुलतभाऊ म्हणाले, हनुवटी आमच्या वाटणीला आली. मुनीमजी म्हणाले, डोळे कोणासारखे ते सांगता येत नाही, पण माझ्याकडे पाहताना फार मायाळू असत. अकोल्याहून मुद्दाम आलेले अण्णासाहेब खाकरले. "कपाळाविषयी... मी नम्रपणे सांगतो, पुष्कळ लोक आम्हाला सख्खे भाऊ समजत."

तात्यांनी सगळ्यांना उजेडात बसवून प्रत्येकाचा तेवढा तेवढा भाग उतरवून घेतला. बायकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. देशमुखांच्या घरी गोषा होता. आम्ही बैठकीच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही. आतून ताकाचे गडू तेवढे पाण्यासारखे येत होते.

चित्र झालं. खुर्चीत बसलेले आबासाहेब, डोक्यावर तुऱ्याचं पागोटं, एका हाताखाली काठी, दुसरा हात जाडजूड पुस्तकावर, मागे खिडकीतून दिसणारं जिनिंगचं धुराडं. मी चित्र पाहिलं आणि खुर्चीवरून उठून उभा राहिलो. तात्या समाधानाने म्हणाले, "बस. साऱ्यांचं असंच होणार आहे."

उद्घाटनाला नागपूरहून एक बडे अधिकारी यायचे होते. हे नुसते पाहुणे नव्हते. नागपूरला सरकारी दिवाणखान्यात प्रांतातल्या मोठ्या माणसांची चित्रं लावायची होती आणि ते काम कोणाला द्यायचं हे या अधिकाऱ्यांच्या हातात होतं. नागपूरकर आम्हा वऱ्हाड्यांना प्रांताच्या मागे बांधलेली शेपटी समजतात, हे काही गुपित नाही. त्या शेपटीतला माणूस राजधानीच्या भिंती भरणार, म्हणून सारी अमरावती फुगली होती आणि सगळ्यांत जास्त कोण फुगलं होतं हे सांगायला नको. तात्यांनी नवा अल्पाकाचा कोट शिवून घेतला. काकूंनी रेल्वेत खायला दशम्या बांधून देताना विचारलं, "नागपूरले गेल्यावर आम्हाले ओळख द्याल ना?" तात्या म्हणाले, "सवड पाहून."

त्या सकाळी वाचनालयात बसून त्यांनी सही केली. एवढी मोठी सही मी त्यांनीही केलेली पाहिली नव्हती.

दुपारी सभागृह भरलं. पुढे अधिकारी, अण्णासाहेब, भाऊसाहेब. एका बाजूला बायकांसाठी चिकाचा, म्हणजे बांबूच्या काड्यांचा, पडदा लावलेला, त्यामागे खिडकी. तात्या आणि मी भिंतीशी उभे. उद्घाटनाच्या वेळी तात्या कधी आपल्या चित्राकडे पाहत नसत. "चित्र मी पाह्यलं आहे. आता लोकं कसे पाहून राहिले ते पाहाचं," असं त्यांचं शास्त्र होतं.

अधिकाऱ्यांनी दोरी ओढली. मखमल खाली आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊसाहेबांनी उपरण्याने डोळे टिपले. पुढच्या रांगेतले दोन व्यापारी सवयीने हात जोडून उठले. अधिकारी मान हलवून शेजारच्या माणसाच्या कानात काही बोलले आणि तो माणूस तात्यांकडे पाहून हसला. काम झालं होतं. नागपूर तात्यांच्या खिशात, कुपीशेजारी, येऊन पडलं होतं.

मी तात्यांकडे पाहिलं. ते चिकाकडे बघत होते.

मागच्या खिडकीच्या उजेडाने चिकावर आतल्या बायकांच्या सावल्या स्पष्ट पडल्या होत्या. मखमल पडताच त्या सगळ्या सावल्यांचे हात एकदम वर गेले होते. सुना, पुतण्यांच्या बायका, साऱ्यांनी लगबगीने पदर कपाळावर ओढले होते. सासरे समोर आले ना. मधली एक सावली मात्र पंख्याने वारा घेत होती. ती घेतच राहिली, पदराला हात लागला नाही.

"ती मधातली कोण?" तात्यांनी विचारलं.

मी बाजूला उभ्या असलेल्या मुनीमजींना विचारलं. ते म्हणाले, "मोठ्या बाई. आबासाहेबांच्या पत्नी."

तात्यांचा चेहरा पाहून मला वाटलं यांना उन्हाचा त्रास झाला. तेवढ्यात अण्णासाहेबांनी पुकारलं, की थोर चित्रकार मोर्शीकर यांनी दोन शब्द बोलावेत. लोक सरसावून बसले. तात्यांचे दोन शब्द म्हणजे तासाची निश्चिंती, आणि त्यात तात्यांविषयी नवी माहिती मिळे.

तात्या पुढे गेले. म्हणाले, "चित्र चुकलं आहे. हे आबासाहेब नाहीत."

कोणाला काही समजेना. अण्णासाहेब त्यांच्या कानाशी वाकले, पण घाबरलेल्या माणसाचं कुजबुजणंही साऱ्या सभेला ऐकू जातं. "तात्या, ही विनय दाखवायची वेळ नाही. साहेब बसले आहेत."

"विनय? मी काहून विनय दाखवू? दुसऱ्या कोणी काढलं असतं तर हे चित्र चाललं असतं, अण्णासाहेब. चांगलं आहे. पण हे मी काढलं आहे."

भाऊसाहेब उठले. त्यांचा आवाजही वडिलांवर गेला होता. "बाप माझा का तुमचा? मी म्हणतो हेच आहेत आबासाहेब."

"तुमच्यासाठी असतील, भाऊसाहेब. तुमच्यासाठी राहू द्या. माझं नाव तेवढं राहणार नाही." असं म्हणून तात्यांनी खिशातून कुपी काढली, चिंधीवर ओतली आणि त्या ओल्या सहीच्या पहिल्या अक्षरापासून पुसायला सुरुवात केली. सही लांब होती. पुसायला बराच वेळ लागला. अख्ख्या सभागृहात चिंधी घासल्याचा आवाज आणि टर्पेंटाइनचा वास, एवढंच होतं. आबासाहेबांच्या पायाशी तांबडा फराटा राहिला तोही त्यांनी घासून काढला. मग सभेला नमस्कार करून भिंतीशी येऊन उभे राहिले.

अधिकारी चहा न घेता गेले. पुढचं सांगायला हस्तरेषा पाहणाऱ्याचीही गरज नव्हती. नागपूरचं काम गेलं होतं. पुढे ते त्या मुंबईहून आलेल्या मुलाला मिळालं.

परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत मी गप्प बसलो, हा माझा विक्रम आहे. मग राहवेना. "तात्या, एकाही माणसाला कळलं नव्हतं."

"मले कळलं ना. मी कोणी नाही काय?"

"तसं नाही, पण सारं अकोला वाहवा करत होतं."

"सारं अकोला एकीकडं अन् मोर्शीकर एकीकडं. आता तूच वकील आहेस, सांग, मत कोणाचं भारी?" आणि ते दशमी खाऊ लागले. त्या दशमीच्या घासागणिक मला हळूहळू उजाडत गेलं, की या माणसाला गर्व एवढा आहे, की स्वतःची खोटी स्तुती ऐकून घेणं त्याला कमीपणाचं वाटतं. आम्हा बाकीच्यांचा गर्व दुसऱ्याने टाळी वाजवली की पोट भरून झोपी जातो. यांचा जागा राहतो.

अमरावतीत मात्र बोभाटा झाला. मोर्शीकर संपले, स्वतःच्या तोंडाने कबूल झाले. ज्यांनी आधी बोलावलं होतं त्यांनी आपली चित्रं पुढे ढकलली. तात्या रोज कोट घालून, छत्री घेऊन, भर बाजारातून, होते त्याहून थोडे जास्त ताठ चालत. काकूंनी त्या दिवसांत एकही टोमणा मारला नाही, आणि तात्या त्यानेच जास्त हैराण झाले.

एका सकाळी म्हणाले, "चल अकोटले."

भाऊसाहेबांनी आम्हाला दारातून परत पाठवलं नाही, याचं श्रेय त्यांच्या आईला. आतून निरोप आला, की पाहुण्यांना ओसरीवर बसवा. माजघराच्या दाराला पडदा होता. पडद्याच्या अलीकडे भाऊसाहेबांच्या पत्नी, वहिनी, पदर सावरून उभ्या राहिल्या. पलीकडे मोठ्या बाई. तात्या जमिनीवर बसले. त्यांना जमिनीवर, पाटाशिवाय बसलेलं मी प्रथमच पाहत होतो.

"बाईंना विचारा, चित्रात काय चुकलं?"

आत कुजबुज झाली. वहिनी म्हणाल्या, "चुकलं काही नाही म्हणतात. लय छान काढलं आहे." आणि मग संकोचून, "फक्त कोणाचं आहे, असं विचारून राहिल्या."

माझ्या पोटात हसू उसळलं आणि तात्यांच्या पाठीकडे पाहून तिथेच बसलं.

"बैठकीतले सारे म्हणाले, असेच दिसत होते," तात्या म्हणाले.

आता पडद्यामागून सरळ आवाज आला. जाडा, ठसठशीत आवाज. "बैठकीत मी कवा गेली? अन् चारचौघात नवऱ्याच्या तोंडाकडं पाहाची रीत होती काय? पागोटं घातलेलं तोंड बाहेरच्या लोकायचं. मी त्यायले पाहो ते वाढताना."

तात्या पडद्याकडे सरकून बसले.

"म्हणजे वरून?"

"मग काय खालून? ते पाटावर, मी उभी."

"पागोटं नाही?"

"जेवाले कोन पागोटं घालते?"

तात्यांनी हळूच विचारलं, "हे आधी काहून नाही सांगितलं, बाई?"

"तुमी इचारलं काय?"

तात्या म्हणाले, "नाही विचारलं. चुकलं माझं." आणि त्यांनी पडद्याला नमस्कार केला. चित्रांना सोडून तात्यांनी एखाद्या माणसाला आपणहून नमस्कार केलेला मला ठाऊक नाही.

मग काम सुरू झालं. अकोटच्या त्या घरात आमचा मुक्काम लांबला. माझे पक्षकार अर्थातच खोळंबले नाहीत. जिथे आबासाहेब जेवायला बसत तिथे पाट मांडला, ताट मांडलं आणि भाऊसाहेबांना उघड्या डोक्याने बसवलं. तात्या हातात भाजीचं भांडं घेऊन त्यांच्यावर वाकून उभे राहत, वाढल्यासारखं करत, पाहत, आणि धावत जाऊन कोळशाने कागदावर काढत. "जेवा, भाऊसाहेब. थांबू नका. घास हातातच ठेवा." भाऊसाहेब आधी संतापले, मग कंटाळले, मग खरोखरच जेवू लागले. कागद आत जाई. आतून बाहेर येई तो शेरा घेऊन.

"नाक पोराचं हाय. त्यायचं मोठं होतं."

भाऊसाहेब हातातला घास खाली ठेवत.

"इतकं टक्कल नव्हतं."

"मुनीमजी तर म्हणाले, टक्कल होतं," तात्या.

"होतं. पन इतकं नव्हतं. जरा केस टाका."

"रेघ ओढली की ओढली," म्हणणारे तात्या उपरण्याने रेघा पुसत बसले. उपरणं काळं झालं, कोट ओसरीच्या खुंटीवर टांगून ठेवला. एकदा त्यांनी सहज विचारलं, की आबासाहेबांनी फोटो का काढू दिला नाही. सगळे म्हणतात नम्रपणामुळे.

पडद्यामागे मोठ्या बाई हसल्या. "नम्रपना? त्यायचा अन् नम्रपनाचा काय संबंध? फोटोवाला घरी आला होता. 'हलू नका' म्हने. हे उठून उभे राह्यले. म्हने, मले हलू नोको म्हननारा अजून जन्माले याचा हाय."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "बस. आता माणूस दिसून राहिला. थोर माणूस थोर माणूस म्हणून लोकायनं मले पुतळा देल्ला होता. असा अडेल माणूस आधीच सांगितला असता तर पहिल्याच दमात काढला असता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थोरपणा तोंडावर काढता येत नाही, वकील. काढला की खाली माणूस मरते. हट्ट काढता येते. खोड काढता येते. थोरपण पाहणाऱ्यानं आपलं आपण घ्यावं."

"आणि गर्व?" मी खोडी काढली.

"गर्व रंगाच्या डबीसारखा असते. कामाच्या वेळी उघडायचा. मी जरा जास्त वेळ उघडा ठेवतो, तो वाळून राहिला."

त्यानंतर कितीतरी वर्षं तात्या आमचे शेजारी होते. हळूहळू कामं पुन्हा आली, भिंतीपलीकडून "वा मोर्शीकर" पुन्हा ऐकू येऊ लागलं आणि काकूंचे टोमणेही परतले. आता तात्या नाहीत. त्यांची आठवण निघाली, की मला तो बाजारातला ताठ माणूस दिसत नाही. मला दिसतात ते अकोटच्या त्या शेवटल्या दुपारचे तात्या, बिनकोटाचे.

चित्र पुरं झालं होतं. आबासाहेब पाटावर बसलेले, उघडं डोकं, पुढे ताट, घास हातात धरलेला, आणि एक भुवई वर करून ते पाहणाऱ्याकडे वर बघत होते, आता काही बोलणार अशा बेतात. ते पाहायला अण्णासाहेब अकोल्याहून आले होते. त्यांनी हळूच विचारलं, "एवढा थोर पुरुष जेवताना कसा लावणार?" भाऊसाहेब एकटक पाहत होते, आणि मला वाटतं त्यांनी नकळत आपलं बसणं नीट केलं.

तात्यांनी चित्र भिंतीवर लावलं नाही. आबासाहेबांचा पाट जिथे मांडत तिथेच, जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलं. आम्हा पुरुषांना ओसरीत हाकललं. स्वतः दाराआड असे उभे राहिले, की आतल्याला दिसू नये. हात मागे बांधलेले, मान खाली. चित्राकडे पाहत नव्हते, आमच्याकडे पाहत नव्हते. ते नुसतं ऐकत होते.

आत पाऊल वाजलं. मोठ्या बाई स्वयंपाकघरातून आल्या, चित्रापाशी थांबल्या आणि खाली पाहिलं. दारातून आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. त्यांचा हात वर गेला आणि पदर कपाळावर आला. मग त्या तशाच उभ्या राहिल्या, थोड्या वाकून, वाढायला उभी राहिलेली बाई वाट पाहत उभी राहते तशा. ओसरीत इतके पुरुष आहेत, परके आहेत, याचं भान त्यांना राहिलं नसावं. ती वर चढलेली भुवई काही खाली येईना, तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या,

"काहून, मीठ कमी पडलं काय?"